ओठ बधिर, दाढ जागी

रूट कॅनलची धास्ती बहुतेकांनी ऐकून ऐकून घेतलेली असते. शेजारच्या काकूंची दाढ, मेव्हण्याची दाढ, ऑफिसातल्या कुणाची तरी दाढ. या कहाण्या नीट ऐकल्या तर सुईची तक्रार त्यात फारशी नसते. तक्रार असते ती पुढची : "इंजेक्शन दिलं होतं हो, ओठ पण जड झाला होता, तरी आत हात लावला आणि कळ मस्तकात गेली." त्यावर डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं जातं. "आता दुखायला नको," म्हणाले. म्हणजे दुखतंय ते दुखतंच, वर आपण उगाच बाऊ करतोय असा शिक्का.

हे पुस्तक त्या "तरी दुखलं"विषयी आहे. रूट कॅनलला किती बैठका लागतात, कॅप कोणती बसवावी, खर्च किती, यांवर कुणीही भरभरून बोलतं. भुलीचा विषय मात्र "जागा सुन्न करून उपचार करतात" या एका वाक्यात उरकला जातो. माझं म्हणणं असं की भूल दिल्यावरही दुखतंय असं सांगणारा रुग्ण खरं सांगत असतो. त्याचं कारण बहुतेक वेळा त्याच्या सुजलेल्या दाढेत असतं, आणि पुढचा उपाय जवळजवळ नेहमीच दंतवैद्याच्या हाताशी असतो. तो वापरायला दहा मिनिटं जास्त लागतात, आणि गर्दीच्या दवाखान्यात नेमकी तीच नसतात.

दाताच्या कठीण कवचाच्या आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा मऊ गाभा असतो. त्याला आपण सरसकट नस म्हणतो, दंतवैद्य पल्प म्हणतात. कीड तिथवर पोचली की तो सुजतो. शरीरात इतर ठिकाणी सुजेला पसरायला जागा मिळते. इथे चारी बाजूंनी भिंती. आतला दाब वाढतो आणि दाढ ठणकू लागते. आधी गार पाण्याने सणक येते आणि लगेच जाते. मग ती रेंगाळायला लागते, गरम चहाने उसळते, रात्री आडवं झालं की डोकं वर काढते. इथवर आलेली सूज सहसा परत फिरत नाही. अशा दाढेला दंतवैद्य आपसांत "हॉट टूथ" म्हणतात. ती खालच्या जबड्यातली पहिली किंवा दुसरी मोठी दाढ असेल तर भूल देणाऱ्याची खरी परीक्षा तिथे. आणि माणूस दवाखान्याची पायरी चढतो तो याच अवस्थेत : दोन-तीन रात्री जागून, लवंगेचं तेल लावून, मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या संपवून.

लवंगेच्या तेलाला हसू नये, हे जाता जाता सांगतो. त्यातल्या युजेनॉलने मज्जातंतू काही अंशी खरोखर मंदावतात. झिंक ऑक्साइडमध्ये तेच कालवून केलेलं सिमेंट दंतवैद्य आजही दाढेत भरतात. फक्त हिरडीवर थेट बोळा दाबून ठेवला तर ती भाजते, आणि मग दुखण्याच्या दोन जागा होतात.

वरच्या जबड्याचं काम तुलनेने सोपं असतं. तिथलं बाहेरचं हाड पातळ आणि सच्छिद्र. ज्या दाताचं काम करायचं त्याच्या मुळाच्या टोकाजवळ, गालाच्या बाजूने हिरडीच्या वर औषध सोडलं की ते हाडातून झिरपून मुळापाशी पोचतं. याला इन्फिल्ट्रेशन म्हणतात. वरच्या मोठ्या दाढांना टाळूच्या बाजूलाही एक मूळ असतं, म्हणून कधी टाळूत थोडं औषध द्यावं लागतं. टाळूची त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असल्याने ते इंजेक्शन मात्र चांगलंच दुखतं. आधी जेल लावून, जागा दाबून धरून, थेंबाथेंबाने दिलं तर सुसह्य होतं.

खालच्या मोठ्या दाढांभोवतीचं हाड जाड आणि घट्ट असतं. बाहेरून सोडलेलं लिग्नोकेन हे नेहमीचं भुलीचं औषध त्यातून पुरेसं आत शिरत नाही. म्हणून दाढेपर्यंत जाणारा मज्जातंतूच वाटेत अडवायचा, ज्याला सगळे "ब्लॉक" म्हणतात. हा मज्जातंतू खालच्या जबड्याच्या उभ्या फांदीच्या आतल्या बाजूला एका छिद्रातून हाडात शिरतो. डॉक्टर अंगठ्याने गालाच्या आत त्या फांदीची पुढची कड चाचपतात, तोंड पूर्ण उघडायला सांगतात आणि लांब सुई गालाच्या आत मागच्या बाजूला साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर नेतात. सुई हाडाला हलकी टेकली की किंचित मागे घ्यायची, दट्ट्या थोडा ओढून सिरिंजमध्ये रक्त येतं का बघायचं, आणि मग औषध सावकाश सोडायचं. दीड-पावणेदोन मिलिलिटर औषधाला निदान मिनिटभर तरी द्यावं. घाईने ढकललेलं औषध जास्त दुखतं. सुई टोचण्याची वेदना म्हणून लोक जे सांगतात, त्यात आत वेगाने घुसणाऱ्या द्रवाच्या दाबाचा वाटा मोठा असतो.

पुढे पाच-सात मिनिटांत ओठ जड होतो, मुंग्या येतात, जिभेची एक बाजू आपली वाटेनाशी होते. रुग्ण म्हणतो, झालं. बहुतेक वेळा डॉक्टरही म्हणतात, झालं. गाडं अडतं ते इथेच.

ओठ बधिर झाला याचा अर्थ औषध योग्य जागी पोचलं, एवढाच. दाढेच्या आतला पल्प बधिर झाला असं त्यातून सिद्ध होत नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ॲल रीडर, जॉन नुस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं याच प्रश्नावर चाचण्या केल्या. ओठ पूर्ण बधिर असलेल्या माणसांच्या दाताला विजेचा सौम्य झटका देऊन त्यांनी पाहिलं. दुखणं नसलेल्या निरोगी माणसांतही सगळ्यांचे दात बधिर झाले नव्हते. सुजलेल्या पल्पच्या दाढांत तर एकट्या ब्लॉकवर निम्म्याहून कमी रुग्णांचं काम विनावेदना झालं, असे निष्कर्ष जगभरच्या अनेक चाचण्यांत पुन्हा पुन्हा आले आहेत. हे पाठ्यपुस्तकात आहे, परीक्षेत विचारलं जातं, पण रुग्णाला क्वचितच सांगितलं जातं.

तपासायची युक्ती अगदी साधी आहे आणि तिला खर्च नाही म्हटलं तरी चालेल. गारवा देणारा फवारा कापसाच्या बोळ्यावर मारून तो बोळा दाढेला लावायचा. फवारा नसेल तर इंजेक्शनच्या सुईच्या प्लास्टिकच्या टोपणात पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवायचं, की बर्फाची कांडी तयार. गाव-तालुक्यातल्या कित्येक दवाखान्यांत अशाच कांड्या असतात. भूल देण्याआधी ती कांडी दाढेला लावली की रुग्ण खुर्चीतून उठू पाहतो. भुलीनंतर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा लावायची. काही जाणवलं नाही तर पुढे जायचं. जाणवलं तर ड्रिल हातात घ्यायचंच नाही. ही चाचणीही शंभर टक्के खात्रीची नाही. थंडी न जाणवणारी दाढही क्वचित आत गेल्यावर दुखते. पण ड्रिल लावूनच दुखतंय का ते बघण्यापेक्षा बर्फ लावून बघणं केव्हाही माणुसकीचं.

सुजलेली दाढ भुलीला दाद का देत नाही याची उत्तरं एकापेक्षा जास्त आहेत. सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं कारण आम्लतेचं. लिग्नोकेनचे रेणू दोन रूपांत असतात, आणि मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरू शकतं ते त्यातलं विद्युतभार नसलेलं रूप. सुजलेल्या भागात आम्लता वाढते, त्यामुळे या रूपाचं प्रमाण घटतं आणि औषध दाराशीच अडतं. हे खरं आहे, पण त्याने सगळा उलगडा होत नाही. ब्लॉक तर दाढेपासून कितीतरी दूर, निरोगी जागी दिलेला असतो. तिथली आम्लता बिघडलेली नसते, तरी दाढ जागी राहते.

दुसरं कारण मला जास्त पटतं. मज्जातंतूतून वेदनेचा संदेश पुढे जातो तो सोडियमच्या सूक्ष्म वाटा उघडल्यामुळे, आणि भुलीचं औषध त्या वाटा बंद करतं. सूज असलेल्या पल्पमध्ये या वाटांचे काही वेगळे प्रकार वाढतात. ते लिग्नोकेनला सहज बधत नाहीत. त्यात सुजेतून तयार होणारे प्रोस्टाग्लँडिनसारखे पदार्थ मज्जातंतूला इतकं हळवं करून ठेवतात की एरवी जाणवणारही नाही असा स्पर्शसुद्धा कळ होऊन जातो. तिसरं कारण रचनेचं. ब्लॉक दिला जातो तिथे मज्जातंतू दोरखंडासारखा असतो : बाहेरचे पीळ मागच्या दाढांकडे जातात, गाभ्यातले पुढच्या दातांकडे. औषध बाहेरून आत झिरपतं, म्हणून खालचे पुढचे दात सगळ्यात उशिरा बधिर होतात, आणि कधी होतच नाहीत. काहींच्या दाढेला दुसऱ्याच वाटेने येणारी एखादी जादा फांदीही असते. जिभेखालच्या स्नायूकडे जाणाऱ्या मायलोहायॉइड मज्जातंतूची वाट त्यात पहिली.

भीतीचं कारण मी मुद्दाम शेवटी घेतोय. घाबरलेल्या माणसाला तेवढीच वेदना जास्त जाणवते, यात वाद नाही. पण दवाखान्यात हे कारण सगळ्यात आधी पुढे येतं, कारण त्यात चूक रुग्णाची ठरते. बर्फाची कांडी लावून दाढ जागी आहे हे दिसल्यावर भीतीवर व्याख्यान देण्यात अर्थ नाही.

गंमत अशी की वेदनेवर मात करण्याच्या इतिहासात दंतवैद्य पहिल्या रांगेत होते. १८४४ मध्ये हार्टफर्डच्या होरॅस वेल्स यांनी नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचा दात काढून घेतला. १८४६ मध्ये बॉस्टनला ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक करणारे विल्यम मॉर्टनही दंतवैद्यच. पण दाताच्या नसेचं काय? तिच्यासाठी त्या काळी आर्सेनिक होतं. न्यूयॉर्कच्या स्पूनर यांनी १८३६ मध्ये पल्प मारायला ते सुचवलं, आणि पुढे कित्येक दशकं दाढेत आर्सेनिक भरून नस मरण्याची वाट पाहिली जाई. ते दाताबाहेर झिरपलं तर हिरडी आणि हाडही मरे. आर्सेनिक गेलं, पण नस मारायच्या पेस्ट पुरत्या गेलेल्या नाहीत. आजच्या पेस्टमध्ये बहुधा पॅराफॉर्माल्डिहाइड असतं, आणि हाड जाण्याचा धोका त्यातही आहे. भूल नीट लागत असताना असल्या पेस्टची गरज पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जागेपुरती भूल आली १८८४ मध्ये, तीही डोळ्यांच्या डॉक्टरांमुळे. व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर होतो हे दाखवलं. बातमी समुद्रापार गेली, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड यांनी खालच्या जबड्याच्या मज्जातंतूपाशी कोकेन टोचून पाहिलं. आज गल्लोगल्लीच्या दवाखान्यात दिला जाणारा ब्लॉक तोच. हॉलस्टेड आणि त्यांचे सहकारी प्रयोग स्वतःवर करत, आणि त्यात त्यांना कोकेनचं व्यसन लागलं. पुढे ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये नामांकित शल्यविशारद झाले, पण व्यसनाने पाठ सोडली नाही.

कोकेनच्या जागी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड आइनहॉर्न यांचं प्रोकेन म्हणजे नोव्होकेन आलं. ते रक्तवाहिन्या रुंदावतं, त्यामुळे झटकन वाहून जाई. १९०३ मध्ये हाइनरिश ब्राउन यांनी भुलीच्या औषधात ॲड्रिनलिन मिसळायची वाट दाखवली होती, तीच इथे कामी आली. ॲड्रिनलिनने जागेवरच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, औषध जास्त वेळ टिकतं, रक्तात कमी जातं. लिग्नोकेनची सुरुवात तर सातूच्या अभ्यासातून झाली. स्टॉकहोममध्ये सातूतल्या ग्रॅमिन या द्रव्याचा माग काढताना रसायनशास्त्रज्ञ एर्टमान यांनी त्याच्या एका जुळ्या रेणूची चव घेतली आणि जीभ बधिर झाली. प्रयोगशाळेत चाखून बघणं तेव्हा शिष्टसंमत होतं! त्या धाग्यावरून निल्स लॉफग्रेन आणि त्यांचे तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ मध्ये लिडोकेन बनवलं. लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःच्या अंगात टोचून तपासलं. १९४८ मध्ये ते झायलोकेन या नावाने बाजारात आलं. आपल्याकडे त्यालाच लिग्नोकेन म्हणतात. आज भारतातल्या दंत दवाखान्यात सर्वाधिक दिसतं ते २ टक्के लिग्नोकेन आणि ८०,००० भागांत १ भाग ॲड्रिनलिन हे मिश्रण, ३० मिलिलिटरच्या बाटलीत किंवा १.८ मिलिलिटरच्या काडतुसात.

आता पहिला ब्लॉक पुरला नाही, तर पुढे काय?

तोच ब्लॉक पुन्हा देणं ही सगळ्यांची पहिली उडी. ओठ बधिर झालाच नसेल तर ते बरोबर आहे, कारण औषध चुकीच्या जागी पडलंय. ओठ पूर्ण बधिर असेल तर त्याच जागी आणखी औषध टाकून फारसं हाती लागत नाही. तेव्हा वाट बदलावी. मज्जातंतूला आणखी वर, जबड्याच्या सांध्याच्या मानेपाशी गाठायची पद्धत ऑस्ट्रेलियाच्या गाऊ-गेट्स यांनी १९७३ मध्ये मांडली. तोंड मिटलेलं असताना देता येणारा वझिरानी-अकिनोसी ब्लॉक १९६० मध्ये वझिरानी यांनी आणि १९७७ मध्ये अकिनोसी यांनी वर्णिला. या दुसऱ्या पद्धतीची आपल्याकडे फार गरज पडते, आणि त्याचं कारण आहे गुटखा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सुपारी-गुटख्याने गालाच्या आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासं झालेले रुग्ण रोज येतात. काहींच्या तोंडात दोन बोटं जेमतेम जातात. तिथे "तोंड पूर्ण उघडा" या सूचनेवर बेतलेला नेहमीचा ब्लॉक जमणार कसा? मिटल्या तोंडाने, वरच्या दाढांच्या हिरडीला समांतर सुई नेऊन दिलेला ब्लॉक मग कामाला येतो. अर्थात तोंडच उघडत नसेल तर पुढचं रूट कॅनल करणंही दिव्यच असतं, ती गोष्ट वेगळी.

ब्लॉकच्या जोडीला आर्टिकेन हे भुलीचं दुसरं औषध, ही आताची सर्वांत सोयीची वाट. आर्टिकेन जर्मनीत १९७० च्या दशकात आलं, अमेरिकेत २००० मध्ये परवानगी मिळाली. त्याच्या रेणूत बेंझिनऐवजी थायोफिनचं कडं आहे, म्हणून ते चरबीत चांगलं विरघळतं आणि हाडातून जास्त झिरपतं, असं मानतात. खालच्या पहिल्या दाढेच्या गालाकडच्या बाजूने दिलेलं ४ टक्के आर्टिकेन त्याच जागी दिलेल्या लिग्नोकेनपेक्षा स्पष्टपणे सरस ठरल्याचं ओहायोच्याच चाचण्यांत दिसलं. जाड हाडातून औषध जात नाही, हा वर सांगितलेला नियम इथे थोडा वाकतो. रक्तातच आर्टिकेनचं बरंचसं विघटन होत असल्याने ते शरीरात फार काळ राहत नाही. मग ब्लॉकलाही तेच का वापरू नये? कॅनडातल्या ऑन्टारियोत हास आणि लेनन यांनी १९९५ मध्ये जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा ओठ-जिभेला दीर्घकाळ बधिरपणा राहण्याच्या तक्रारी ४ टक्के औषधांनंतर अपेक्षेपेक्षा जास्त दिसल्या. अशा तक्रारी मुळातच फार विरळ, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. तरी "ब्लॉक लिग्नोकेनचा, वरून इन्फिल्ट्रेशन आर्टिकेनचं" ही वाटणी बऱ्याच जणांनी धरली आहे, आणि ती शहाणपणाची आहे. अडचण एवढीच की आर्टिकेनची काडतुसं महाग पडतात, आणि बाटली-सिरिंजवर चालणाऱ्या दवाखान्यात काडतुसांची सिरिंजच नसते.

तेवढ्याने भागलं नाही तर पुढची वाट : दाढ आणि हाड यांच्यामध्ये एक बारीक अस्तर असतं. त्यात सुई घट्ट बसवून प्रत्येक मुळामागे साधारण ०.२ मिलिलिटर औषध जोराने सोडतात. हाताला अडथळा जाणवला पाहिजे. औषध सहज जात असेल तर ते हिरडीबाहेर सांडतंय असं समजावं. परिणाम लगेच येतो, पण टिकतो थोडा वेळ, आणि दुसऱ्या दिवशी चावताना ती दाढ दुखरी लागते. याहून खात्रीची वाट म्हणजे दोन दातांमधल्या हाडाला बारीक भोक पाडून औषध थेट आतल्या पोकळ हाडात सोडणं. ऐकायला भयंकर वाटतं, पण जागा आधीच बधिर असल्याने दुखत नाही म्हटलं तरी चालेल. ॲड्रिनलिन असलेलं औषध असं दिलं की मिनिट-दोन मिनिटं छाती धडधडते. हे रुग्णाला आधी सांगितलं नाही तर तो हार्ट अटॅक आला म्हणून खुर्चीतून उठेल! हृदयरोगी असेल तर ॲड्रिनलिन नसलेलं ३ टक्के मेपिव्हकेन बरं.

आणि सगळं थकल्यावर उघड्या पल्पमध्येच सुई. हे इंजेक्शन काही सेकंद झणझणून दुखतं, खोटं कशाला सांगा. पण नंतर दाढ एकदम गप्प होते. विशेष म्हणजे इथे काम औषधापेक्षा दाबाचं असतं. नुसतं सलाइन दाबाने दिलं तरी परिणाम दिसल्याचे प्रयोग आहेत. म्हणून छिद्र लहान हवं, सुई अडकून बसायला हवी. ही शेवटची पायरी आहे. काही ठिकाणी तिला पहिली करतात : ब्लॉक दिला, तपासलं नाही, दाढ उघडली, रुग्ण ओरडला की आत सुई खुपसली. "तरी दुखलं"च्या कितीतरी कहाण्या इथे जन्मतात.

सुई धरण्याआधीही एक गोष्ट करता येते. तासभर आधी आयबुप्रोफेन घेतलं तर सुजलेल्या दाढेत ब्लॉक यशस्वी होण्याचं प्रमाण वाढतं, याला चांगला आधार आहे. चाचण्यांत सहसा ६०० मिलिग्रॅमची मात्रा वापरली गेली. कारण वर आलंच आहे : प्रोस्टाग्लँडिन कमी झाले की मज्जातंतूचा हळवेपणा उतरतो. पण पोटात अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. आणि आधी कुठली गोळी किती घेतली ते सांगावं. "एक पांढरी होती" एवढ्यावर काही ठरवता येत नाही.

ॲड्रिनलिनबद्दल बाजारात फार गैरसमज आहेत. "मला बीपी आहे, साधं इंजेक्शन द्या," असं रुग्ण स्वतःहून सांगतात. साध्या म्हणजे ॲड्रिनलिन नसलेल्या लिग्नोकेनने दाढेच्या आतली भूल जेमतेम काही मिनिटं टिकते. मग दुखतं, आणि दुखण्याने शरीर स्वतःच जे ॲड्रिनलिन सोडतं ते काडतुसातल्यापेक्षा जास्त असू शकतं. एका काडतुसात सुमारे साडेबावीस मायक्रोग्रॅम ॲड्रिनलिन असतं, आणि हृदयविकाराच्या रुग्णासाठी एका वेळी ४० मायक्रोग्रॅम ही पाठ्यपुस्तकी मर्यादा आहे. म्हणजे आटोक्यातल्या बीपीच्या माणसाला एक काडतूस, सावकाश आणि रक्त येतं का पाहून, बहुधा बिनधोक देता येतं. बीपी १८० च्या वर असेल तर आज काम टाळायचं, एवढं सोपं. काही नैराश्याच्या आणि बीपीच्या गोळ्यांशी ॲड्रिनलिनचं जमत नाही, म्हणून चालू औषधांची पुडी सोबत आणावी.

"मला भुलीची ॲलर्जी आहे," असंही बरेच सांगतात. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फार दुर्मीळ. चौकशी केली तर बहुतेकदा चक्कर आलेली असते. त्यातही एकादशी-चतुर्थीचा उपास धरून, रात्रभर जागून, रिकाम्या पोटी आलेला माणूस. खाऊन या, हा सल्ला मधुमेह्यांना तर दोनदा द्यावा. खरीच पुरळ किंवा सूज आली असेल तर बाटलीतल्या मिथाइलपॅराबेनवर संशय घ्यावा. ते टिकाऊपणासाठी घातलेलं असतं आणि बहुतेक काडतुसांत नसतं. अशा रुग्णाला ॲलर्जीतज्ज्ञाकडे पाठवावं, दवाखान्यात टेस्ट डोस टोचून फैसला करू नये.

गरोदर बाईची दाढ "बाळंतपणानंतर बघू" म्हणून महिनोन्महिने ठणकत ठेवली जाते, आणि ती गोळ्यांवर दिवस काढते. लिग्नोकेन गरोदरपणात चालतं. मधले तीन महिने खुर्चीत बसायला सोयीचे असतात, शेवटच्या महिन्यांत डाव्या कुशीकडे थोडं कलतं बसवावं. सासूबाईंना हे पटवायला वेगळं प्रकरण लिहावं लागेल.

लहान मुलांची भूल, गुंगीची औषधं आणि हसवणारा वायू यांना या पुस्तकात जागा दिलेली नाही. तो वेगळ्या सरावाचा विषय आहे. पुढची प्रकरणं दाढेच्या जागेप्रमाणे लावली आहेत, औषधांप्रमाणे नाही, कारण रुग्ण येतो तो दाढ घेऊन. प्रत्येक प्रकरणात पहिली भूल, तपासणी आणि मग पुढचा उपाय असा क्रम आहे. ज्यांची दाढ आत्ता ठणकतेय त्यांनी सरळ खालच्या दाढांचं प्रकरण उघडावं, ही प्रस्तावना पुन्हा कधीतरी वाचता येईल. मात्रेचं कोष्टक शेवटी दिलं आहे. २ टक्के लिग्नोकेनच्या काडतुसात ३६ मिलिग्रॅम औषध असतं, आणि ॲड्रिनलिनसह असतानाही वजनाच्या किलोमागे ४.४ मिलिग्रॅम हाच सावध हिशेब मी धरला आहे. ६० किलोच्या निरोगी प्रौढाला त्याप्रमाणे सात काडतुसं होतात. रूट कॅनलला सहसा दोन-तीनच्या पुढे जावं लागत नाही.